तिजोरीतला ड्रॅगन

रविवारी ड्यूटी संपवून बूट काढत होतो, तोच
मयुरानं विचारलं, "बाबा, कागद कितीला पेटतो?"
बावीस वर्षं डिचोलीच्या अग्निशामक केंद्रात काढली,
घरात हे कुणी विचारलं नव्हतं.
घरात विचारतात, जेवून आलास का.

म्हटलं, दोनशे तीसच्या आसपास.
पण तुझी कार्डं त्याआधीच जातील.
तो पारदर्शक खिसा घालतेस ना प्रत्येकाला,
तो दीडशेच्या आसपासच ढिला पडतो
आणि चित्राला असा चिकटतो
की मग दोघांना कुणी वेगळं करू शकत नाही.

ती गप्प. मांडीवर बिस्किटांचा डबा,
डब्यात चारशे बारा कार्डं,
सगळ्यात वर तो, चंदेरी, तिरका धरला की हलणारा,
तोंडातून ज्वाळा काढणारा ड्रॅगन.

पहिला नियम सोपा: डबा देवापासून दूर.
वर निरांजन, बाजूला कापराची डबी,
खालच्या कप्प्यात हा. तिच्या आईनं नाक मुरडलं,
पण हलवला.
दुसरा: खिडकीत नको, फ्रीजवर नको,
आणि मे महिन्यात मामाच्या गाडीत मुळीच नको.
(म्हापशाला नेली होती एकदा. बंद गाडी, दोन तास.
अकरा कार्डं होडीसारखी वाकून परत आली.)

तिसऱ्यासाठी मी तिजोरी आणली.
खाण बंद पडल्यापासून एका ऑफिसात
पगाराच्या वहीसकट पडून होती.
चौघांनी जिना चढवली, वळणावर टेकत, शिव्या देत.
सावियो म्हणाला, "पात्रांव, भितर भांगर आसा?"
"ड्रॅगन आसा."
आत बोट फिरवलं तर लाल धूळ.
तीनदा पुसली. अजून निघते.

दारावरची पट्टी तिनं मोठ्यानं वाचली: कागदासाठी, एक तास.
मला माहीत होतं तो एक तास कसा जातो.
भिंतीत पाणी धरून बसलेलं काहीतरी भरलेलं असतं,
बाहेर तापलं की ते आत वाफ सोडतं.
कागद पेटत नाही. भिजतो.
हे मी दोन दिवस सांगितलं नाही.

सांगितली ती साखळीची गोष्ट.
कारापूरकरांचं स्टेशनरीचं दुकान, पहाटे तीन,
पत्रा खाली आलेला, पेन्सिलींचा वास.
सकाळी राखेत कार्डांची एक चळत सापडली,
रबर वितळून गेलेलं, चारी कडा कोळसा.
गुणाजीनं सुरीनं मधोमध उघडली,
तर आत सगळं जसंच्या तसं:
निळं आभाळ, हिरवं मैदान,
चेंडू अडवायला झेपावलेला कुणी गोलकीपर.
आत हवाच शिरली नव्हती.

ती उठली. सगळी कार्डं खिशांतून काढली,
दोन पुठ्ठ्यांमध्ये घट्ट बांधली.
ड्रॅगन मात्र खिशातच ठेवला.
मी काही बोललो नाही. तिजोरी तिची.

जुलैत आग आली नाही. ओल आली.
लोखंडाला आतून घाम,
ड्रॅगनच्या डाव्या पंखावर
मोहरीएवढा पांढरा ठिपका.
तेव्हा मग वाफेचंही सांगून टाकलं.
ती म्हणाली, "आधी सांगायचं ना."
बरोबर होतं तिचं.

त्या महिन्यात केंद्रात नवे बूट आले होते.
सावियोनं खोक्याखोक्यातून त्या ओल शोषणाऱ्या पुड्या जमवल्या,
एकतीस जोड, एकतीस पुड्या,
आणि मयुराच्या नावानं पिशवीत बांधून दिल्या.

आता दर पंधरा दिवसांनी
ती पुड्या फोडून दाणे तव्यावर टाकते,
मंद आचेवर, रवा भाजावा तसे,
ओल उडून जाईपर्यंत हलवत.
ओटा तिच्या छातीला लागतो.
मी मागे उभा असतो,
काही न बोलता,
एक हात सिलिंडरच्या रेग्युलेटरवर.