काटा

वारा इथं भिंतीला खांदा लावून उभा असतो.
पुंता अरेनासच्या धक्क्यामागची ही वखार,
बाहेरून पत्रा, आतून लेंगाचं लाकूड;
इतकी वर्षं दार उघडायचं ते फक्त लोकरीसाठी.
आता किल्ली वस्तीकडे आली.
किल्ली वीतभर लांब. कुलूप मात्र गेल्या महिन्यातलं,
तिला न लागणारं.

पहिल्या आठवड्यात जमिनीला व्हार्निश दिलं.
धरेना.
फळ्या मेंढीच्या चरबीनं तुडुंब,
वर काही चढवून घ्यायला तयार नाहीत.
मकारेना वास्तुतज्ज्ञ, सान्तियागोची, गुडघ्यावर बसून
फळी हुंगत राहिली.
म्हणाली, बरं, नको तर नको.

कारकुनाच्या जाळीमागे सोमवारी दात बघतात.
गासड्या दाबायच्या खड्ड्यात कपडे धुवायची चार यंत्रं,
कारण इथं दोरीवर टाकलेला सदरा
अर्जेंटिनात जाऊन वाळतो.
माळ्यावर पुस्तकं. अजून थोडीच आहेत,
त्यांतली निम्मी जहाजांच्या इंजिनांवरची.

आणि मधोमध काटा,
गासड्या तोलायचा, गायीएवढा.
साफ करताना तळाची फळी निघाली
तर तुळईच्या पोटाला शिसं चिकटवलेलं,
नीट, कुणाच्या तरी सफाईदार हातानं.
दर तोलामागे दोन किलो गिळणारं.

मापात पाप, सगळ्यांनाच ठाऊक होतं,
पण ठाऊक असणं वेगळं
आणि ते हातात धरून गार लागणं वेगळं.

कुणी म्हणालं, दुरुस्त करा.
कुणी म्हणालं, काटाच काढा.
येर्को काहीच बोलला नाही.
वह्यांतलं अक्षर त्याच्या आजोबांचं,
चाळीस वर्षांच्या वह्या,
सगळे आकडे उजवीकडे झुकलेले,
वाऱ्यात चालणाऱ्या माणसांसारखे.

एदेलमिरा बार्रिया आली, चौऱ्याऐंशीची.
तिचा बाप तीन दिवस बैलगाडी हाकत
लोकर घेऊन यायचा याच दाराशी,
आणि परतताना बोलायचा नाही.
कोट, बूट, पर्स यांसकट ती काट्यावर चढली.
"वाच," येर्कोला म्हणाली.

तो वाकला.
"एकोणसाठ," म्हणाला.
मग बराच वेळ यंत्रांचीच घरघर.
मग, कुणी न सांगता,
"अधिक दोन."

"हां," ती म्हणाली. "बरोबर. मी एवढी हलकी नाही,"
आणि उतरायला त्याचाच हात मागितला.

शिसं होतं तिथंच आहे.
शनिवारी रश्श्याचे बटाटे त्याच काट्यावर तोलतो,
आकडा पडला की खालून पोरं ओरडतात
अधिक दोन! अधिक दोन!
त्यांना कारण अजून सांगितलेलं नाही.
बटाटे दर वेळी थोडे जास्तच होतात.
उरलेले ज्याचे त्यानं घरी न्यावेत.