उदाहरण राहिलं

डी.एड.च्या दुसऱ्या वर्षी प्रश्न होता, पाच गुणांचा:
सात्मीकरण आणि समायोजन, फरक स्पष्ट करा.
मी लिहिलं,
नवी वस्तू जुन्याच डब्यात बसवणं, हे पहिलं.
वस्तूपायी डबा बदलणं, हे दुसरं.
तीन गुण. समासात तांबडी शाई:
उदाहरण राहिलं.

मग ऑर्डर निघाली अमळनेर तालुक्याची.
बोरीच्या काठचं गाव, चौथीचा वर्ग, एकेचाळीस पोरं
आणि एकाच्याही तोंडात ळ नाही.
शाया. फया. केय. डोया.
जळगाव यायचं जयगाव होऊन, धुळं धुयं होऊन,
आणि मी, कुमुद ढवळे, मूळची कोरेगावची,
हजेरी संपेतो ढवये मॅडम.

रात्री वह्या घेऊन बसायचे.
य खोडायचा, वर ळ.
खोडायचा, वर ळ.
निबंध दिसायचे गोवर आल्यासारखे.

लोटन सुकलाल कोळी, तिसरा बाक,
दुरुस्तीवर बोट ठेवून म्हणाला,
"मॅडम, आमना घर हाऊ नही ऱ्हास."
जसं काही अक्षर म्हणजे भाडेकरू
आणि मी भलत्याच दारात त्याचं सामान उतरवतेय.
वर्ग हसला.
मी त्याच्याकडून शंभर वेळा ळ लिहून घेतला.

त्याच्या आईनं, सुपडाबाईनं, एकदा जेवायला बसवलं.
भरीत, कांद्याची पात, काळपट भाकरी.
मी कडेचा पापुद्रा हळूच बाजूला सारला.
तेव्हा माझ्याकडे भाकरीचे दोनच डबे:
चांगली आणि करपलेली.
"जयेल नही शे, मॅडम. कयनानी शे."
तो घास गिळायला वेळ लागला.
मग मी अजून चतकोर मागितली.

कधी काय बदललं, तारीख सांगता येत नाही.
एका मार्चमध्ये तांबडं पेन संपलं
आणि रिफिल आणायची राहून गेली.
रेशनच्या दुकानात नाव विचारलं,
मी म्हणाले, ढवये.
त्यानं लिहिलं ढवळे.

माहेरी तोंडातून गेलं, "माले पानी दे,"
धाकटी खो खो हसली.
आई हसली नाही. तांब्या भरून पुढे ठेवला,
म्हणाली, तिकडचीच झालीस.
पाणी तेच होतं, आमच्या आडाचं.

मागच्या दिवाळीत फोन.
"नमस्कार, ढवळे मॅडम का? लोटन बोलतोय, पुण्याहून."
ळ असा, जीभ टाळूला नेऊन, तिथं टेकवून, मग सोडलेला,
नव्या घरात चपला कुठं काढायच्या
हे बघत माणूस उभा राहतो तसा.
मुलगी चौथीत आहे म्हणाला.
अहिराणी कळते तिला, बोलत नाही.

मी विचारलं, "आनि तू? कथा ऱ्हास आते?"

पलीकडे काही नाही.
अमळनेरच्या स्टँडाबाहेर दोन एसट्या
एकमेकींना घासून उलट्या दिशांना निघतात,
समोरच्या खिडकीत ओळखीचं कुणीतरी असतं,
आपला हात वर होईस्तोवर
धूळ.

"पुण्यात, मॅडम," तो म्हणाला. "सांगितलं ना."

म्हणजे तो माझ्या डब्यात बसला
आणि माझा डबा त्याच्या घरी राहिला?
की उलट?
हे पाच गुणांत मावणारं नाही,
आणि पेपर तपासणारा केव्हाच रिटायर झाला असेल.

एकच आठवतं.
त्या शंभरांत, खालून चौथ्या ओळीत,
ळ, ळ, ळ, य, ळ.
मला दिसला होता.
पानाखाली मी बरोबरची खूण केली
आणि वही परत दिली.
घाईत असेन.
घंटा झाली होती.