उजवा कान

मे महिन्यात नागपुरात गाणं ऐकायचं
तर आधी कूलर बंद करावा लागतो.
मानेवाड्यात दुपारी सेहेचाळीस.
वाळ्याच्या ताट्या थोडा वेळ टपटपतात,
मग तेही थांबतं
आणि घामासकट मी बसते
दोन स्पीकरांच्या बरोबर मधे,
भाच्यानं, प्रफुल्लनं, फरशीवर
खडूनं खुर्चीचे चार पाय आखून दिलेत तिथं.

बर्डीवरच्या दुकानात पोरगा म्हणाला होता,
"साहेब नाही आले का, काकू?"
म्हटलं, साहेब नाहीतच.
ग्रॅच्युइटी आहे.
वायरी दाखव.

भाऊ अजून म्हणतो,
"एवढ्या पैशात एसी आला असता ना,
काहून करून राहिली तू असं?"

काहून?
बस इथं. ऐक.
अंतऱ्याआधी तिनं घेतलेला श्वास.
तबलजीची अंगठी काठाला लागली, ती.
व्हायोलिनवाल्यांतल्या कोणाची तरी खुर्ची करकरली,
रेडिओवर हे गाणं हजारदा ऐकलं,
खुर्ची आता कळली.
आणि त्या मैफलीत, डावीकडे, मागे,
एक माणूस विलंबितभर खोकला दाबतो
आणि द्रुत सुरू झाल्यावर मोकळा खोकतो.
भला माणूस.

पण एक गाणं काही लागत नव्हतं.

मालू मडावी, चांदा ट्रंक.
रात्री दोननंतर लाइन मोकळी असायची.
"नागपूर, जागी आहेस का?"
आणि गायची.
ना पेटी ना ठेका,
पिठाच्या डब्यात तोंड घालून गावं तसा आवाज.
मधेच बल्लारशाचा कॉल आला
की "थांब गं" म्हणून तो जोडायची
आणि सोडलेल्या अक्षरावर परत यायची.
नेहमी तेच गाणं. दुसरं येत नसावं.
अकरा वर्षं. पाहिलं नाही कधी.
एकदा ठरलं होतं, अजनी स्टेशन, पुलाखाली,
ऐनवेळी तिची ड्यूटी बदलली.
मग लोक स्वतःच नंबर फिरवायला लागले.

गाणं सापडलं परवा. मूळ. स्वच्छ केलेलं.
वीस व्हायोलिनं, बासरी,
खालचा सूर तर फरशीतून तळव्यात आला.
मी संपेपर्यंत ऐकलं
आणि कूलर लावून झोपले.

रामदासपेठेतल्या डॉक्टरीणबाईंनी
कानाचा आलेख दाखवला होता.
डावा बरा आहे.
उजव्याची रेघ मधेच उतरते,
घाटातल्या गाडीसारखी.
"हेडफोन याच कानाला असायचा का?"
याच.

आज पुन्हा लावलं.
डाव्या कानात बोट घातलं, घट्ट.
व्हायोलिनं आधी गेली.
बासरीचं टोक झिजलं.
मग दूर, तारेच्या पलीकडे,
एक बाई उरली.

दुसरा हात आपसूक उठला
समोरच्या हवेत, प्लग शोधत.

जागी आहे, चांदा.
बोल.