सम की विषम

सगुण फळदेसाई रिक्षातून आले,
यंत्र मांडीवर घेऊन,
भजनाला निघालेली पेटी धरावी तसं.
पोर्टेबल, म्हणाले.
बारा किलो. मूठ झिजलेली,
झाकण उघडलं की तोच कीबोर्ड,
आत पोस्टकार्डाहून जरा मोठा हिरवा पडदा.

कुडचड्याला स्टेशनामागे माझं दुकान.
मिक्सर, पंखे, चतुर्थीच्या आधी दिव्यांच्या माळा.
असल्या यंत्राच्या पोटात हात घातला होता
तो आयटीआयच्या वर्गात,
आणि तेव्हाही ते जुनंच होतं.

स्क्रू काढले तर लाल धूळ.
आमच्याकडे ती असतेच,
वाळत घातलेल्या कपड्यांवर, केळीच्या पानांवर.
इथे चिपांमधल्या गल्ल्यांत
ती दाबून भरलेली होती.

बटण दाबलं. आकडे चढू लागले,
चौसष्ट, एकशे अठ्ठावीस,
आणि थांबले.
२०१.
"हेंच," सगुणबाब म्हणाले. "त्या रातीं हेंच."

मग सांगत बसले, मी पाय घासत असताना
(चिपांचे पाय, पेन्सिलच्या खोडरबरानं,
खाऱ्या हवेनं काळे पडलेले):
सत्त्याऐंशी साल, धक्क्यावरची पत्र्याची खोली,
बार्जी भरायच्या, ते टन टिपायचे.
यांच्या पडद्यावर दोनशे चाळीस टन कमी,
धक्क्याच्या वहीत जास्त,
आणि नेमकं तेव्हाच यंत्र अडलं.
साहेब म्हणाले, त्याची स्मृतीच बिघडलेली,
त्याचा आकडा कोण धरणार?
वही खरी ठरली.
त्यानंतर त्यांनी घरचे नारळ मोजले.
खाणी बंद झाल्या, कंपनीनं भंगार काढलं,
किलोच्या भावानं,
तेव्हा रांगेत उभे राहून हे विकत घेतलं.
पावती अजून आहे, दाखवली.

खोडरबरानं काही झालं नाही.
परत २०१.

एकेका रांगेत नऊ चिपा असतात.
आठ जणी आठवण ठेवतात.
नववी काहीच ठेवत नाही,
आठ जणींत एक किती आले
ते सम की विषम, एवढंच सांगते.
हिशेब जुळला नाही की ती ओरडते,
आणि यंत्र जागच्या जागी बसतं.

कोडाच्या आधीचे अंक सांगतात कुठली रांग,
मग दोन अंक, कुठली चिप.
मी वहीत उतरवून घेतले.
ते दोन अंक शून्य शून्य होते.
चहा येईपर्यंत मी त्यांच्याकडे बघत राहिले.
शून्य म्हणजे आठांपैकी कुणीच नाही.

तरी खात्री हवी.
दुसऱ्या रांगेतली नववी
तिसऱ्या रांगेत नेऊन बसवली.
तक्रार तिच्या मागोमाग तिसऱ्या रांगेत गेली.
बोट टेकवलं तर चटका.

"म्हणजे आठांचं बरोबर होतं?"
हो, म्हटलं. आठांनी जे ठेवलं ते जसंच्या तसं.
साक्षीदारच तेवढी खोटं बोलत होती.

इथे थांबायला हवं होतं मी.
पण पंचेचाळीस वर्षांची बाई आहे,
लोकांना पंखा पण खरं सांगून विकते.
म्हटलं, सगुणबाब, आज ही बिघडलेली आहे.
त्या रात्रीही हीच होती
हे मी शपथेवर सांगू शकत नाही.
चिपा म्हाताऱ्या होतात. मी हिला आज भेटले.

ते यंत्राकडे बघत होते.
"तुका कोणें शपथ विचारली?"

मडगावच्या भंगारातून आणलेली
एक व्हिडिओ गेमची पाटी होती माझ्याकडे,
तिच्यातली तशीच चिप काढली,
पाय सरळ केले, दाबून बसवली.
जुनी त्यांनी मागून घेतली,
रुमालात नाही, पाकिटात नाही,
शर्टाच्या खिशात, सुट्ट्या पैशांबरोबर.

बटण दाबलं.
चौसष्ट. एकशे अठ्ठावीस.
मी कान टवकारून बसले होते.
सगुणबाबांचे ओठ हलत होते,
एकशे ब्याण्णव, दोनशे छप्पन्न,
प्रत्येक वेळी
यंत्राच्या थोडे आधी.