फॉल

निवृत्त झाले तेव्हा शाल मिळाली, नारळ मिळाला,
आणि एक घड्याळ, तासाला पाच मिनिटं पुढे पळणारं.
अकरा पांढऱ्या साड्या मात्र माझ्या स्वतःच्या.
टेरिलीनच्या. धुवायच्या, दोरीवर टाकायच्या,
यावलच्या उन्हात चहा होईस्तोवर कोरड्या.
तेहतीस वर्षं त्यांना इस्त्री ठाऊक नाही.

मला वांगी रंग हवा होता.
आमच्या भरिताच्या वांग्याचा नव्हे, ते हिरवं असतं.
बाहेरगावच्या काळ्या-जांभळ्या वांग्याचा.

बाजारातून पुडी आणली.
कोमट पाणी, मूठभर मीठ, अर्धा तास.
मी सूचना पाळणारी बाई.
साडी काढून नळाखाली धरली,
तर सगळा रंग मोरीत निघून गेला,
नंबर लागायच्या आत उठून जाणाऱ्या पेशंटसारखा.
साडी पांढरीच. थोडी कावीळ झाल्यासारखी पांढरी.

रंगला तो फक्त फॉल, कारण तो सुती.
आणि त्याचे टाके, माझेच, वाकडे, रात्रपाळीत घातलेले.
आणि पदराच्या कोपऱ्यात
धोब्याकडे अदलाबदल नको म्हणून काढलेली दोन अक्षरं:
द्वा. ने.
मेट्रनला रंगीत दोरा चालत नसे,
म्हणून पांढऱ्यावर पांढरी.
मीही ती विसरले होते.
आता ओल्या साडीत तेवढीच दिसत होती.

फैजपूरला हिरालाल भावसारांकडे गेले.
त्यांनी साडी चिमटीत धरली, डोळ्यांजवळ नेली.
"सिस्टर, सूत तहानलेलं असतं. हे नाही.
याला पाणी आवडतच नाही, म्हणून तर लवकर वाळतं.
याचा रंग वेगळा, आणि याला उकळी लागते.
कोमट नाही, गरम नाही, उकळी. तासभर.
त्यात ते जरा सैल पडतं, तेवढ्यात रंग आत शिरतो.
गार झालं की दार बंद. मग तोही बाहेर येत नाही."
पैसे देताना म्हणाले,
"भांडं मात्र पुन्हा खाण्याला वापरू नका."

माझ्याकडे मोठं पातेलं एकच, डाळगंडोरीचं.
चूल मागच्या अंगणात मांडली, घरात वास नको म्हणून.
तोंडाला मास्क, हातात मोजे,
भिंतीपलीकडून कोकिळाबाई:
"काय शिजवू रायली वं सिस्टर?"
"मलाच," म्हटलं, आणि मग वाटलं, काय बोलले मी हे.

वैशाखाचं ऊन, त्यात जाळ.
काठीनं साडी वरखाली करत राहिले,
थांबलं की डाग पडतात.
नोकरीच्या पहिल्या वर्षी काचेच्या सिरिंजा अशाच उकळायचे,
झाकण थरथरायचं, सुया खुळखुळायच्या,
आणि बाहेर कुणाचं तरी मूल
त्या आवाजानंच रडायला लागायचं.
घड्याळात पासष्ट मिनिटं मोजली. म्हणजे साठ.

उतरला तो रंग वांगी नव्हता.
जांभळाच्या बीला चिकटलेला गर असतो ना, तसा.
निऱ्यांत कुठे गडद, कुठे विरळ.
पदरावरचा जेन्शनचा जुना डाग,
एका पोरीचं तोंड आलं होतं, मांडीवर घेऊन लावलं होतं,
शोधला. सापडला नाही.
दोन अक्षरं बोटाला लागतात,
डोळ्यांना नाही, किंवा उन्हात धरलं तर जराशी.

सोमवारी तीच नेसून दवाखान्यात गेले,
बीपीच्या गोळ्यांना, रांगेत.
केसपेपरच्या खिडकीत नवी मुलगी.
मान वर न करता म्हणाली, "आजी, नाव?"
मागून शिपाई तुकडू ओरडणार होता, "अगं, या तर आपल्या..."
मी त्याला हातानं थांबवलं.
पूर्ण नाव सांगितलं. नवऱ्याचं नाही, वडिलांचं लावून.
तिनं द्वारका लिहिताना द्व चुकवला.
दुरुस्त करून घेतला.

दहा साड्या अजून पांढऱ्या आहेत.
पातेलं तर आता स्वयंपाकातून उठलंच आहे.