रात्री दोनचं बीपी

चिलोए बेटावर, कास्त्रोच्या इस्पितळात,
तिसऱ्या मजल्यावर म्हाताऱ्यांचा वॉर्ड.
खाली खाडी, ओहोटीला चिखलात कलंडलेल्या होड्या,
आणि वर माझी ट्रॉली, जिचं पुढचं डावं चाक
अकरा वर्षं कुरकुरत होतं.

रात्री दोनला मी सगळ्यांचं बीपी घ्यायचे.
का, ते कुणी सांगितलं नव्हतं. तक्त्यात रकाना होता.
दिवा लावायचा, बाही वर सारायची, पट्टा फुगवायचा.
नुकता डोळा लागलेला माणूस दचकून
मेलेल्या बायकोच्या नावानं मला हाक मारायचा,
उठू बघायचा.
पडेल म्हणून मी त्याचे हात कठड्याला बांधायचे.
कापडी पट्टी, दुहेरी गाठ.
हात बसला होता माझा त्यात.

ओरोसिंबो बार्रीआ, होड्या बांधणारे सुतार,
नव्वदीला दोन कमी.
त्यांचं मनगट आवळत होते
तर एकदम ताळ्यावर येऊन म्हणाले,
"पोरी, ही गाठ चुकलीय.
भिजली की सुटायची नाही.
होडी बुडायला लागली तर
कापायला सुरी आहे का जवळ?"

सकाळी पाळी बदलताना हसत हसत सांगितलं.
नेल्दा मान्सिया हसली नाही.
दुसऱ्या दिवशी तिनं एक चौकटीची वही टांगली:
कोण किती वाजता झोपलं, कुणी उठवलं.
तीन आठवड्यांनी मोजलं तर
"कुणी उठवलं" खाली सगळ्यात जास्त वेळा
माझंच नाव.
दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही.

डॉक्टरांना तिनं वही दाखवली.
ज्यांचं सगळं ठीक आहे त्यांना दोनला का उठवायचं?
त्यांनी बराच वेळ पानं उलटली.
"तसंच चालत आलंय," म्हणाले.
मोठ्या साहेबांनी विचारलं, कुठलं मशीन हवंय?
नेल्दा म्हणाली, तेल.
शिवणयंत्राचं, घरूनच आणलं तिनं.
मग नातेवाइकांना निरोप: चष्मा आणा, कवळी आणा,
कानातलं यंत्र कपाटात ठेवून म्हाताऱ्याला बहिरा म्हणू नका.
भिंतीवर परातीएवढं घड्याळ.
झोपण्याआधी प्रत्येकाला लघवीचं विचारायचं,
लाजायचं नाही.

सगळं गोडच झालं असं नाही.
एर्मेलिंदा वेंचूर तशीच ओरडायची,
गाय सुटली, गाय सुटली, पहाटेपर्यंत.
आम्ही पाळीपाळीनं तिच्याजवळ बसलो.
एकदा मी म्हटलं, सापडली, बांधली.
ती म्हणाली, खोटारडी.

ओरोसिंबो घरी गेले आपल्या पायानं.
जाताना खणातली एक पट्टी मागून घेतली,
खाटेच्या कठड्यावर मला गाठ शिकवली,
एका हिसक्यात सुटणारी.
त्यांच्या पोरानं टॅक्सी थांबवून ठेवली होती,
तरी तीनदा करून दाखवली.

बाकीच्या पट्ट्या खणात आहेत.
दोन वाजतात. ट्रॉली आवाज करत नाही.
माझे हात रिकामे असतात त्या वेळी.
अजून सवय झालेली नाही.