उलटा राजा

दुपारी तीनला, सराफकट्ट्यावर कुत्रंसुद्धा नसताना
यादम्मा गुर्रम आली.
ओच्यातून रुमाल, रुमालातून डबी,
डबीत तंबाखूच्या भुग्यात हे.
"सासूच्या गळ्यातलं. पुतळी म्हणायची ती.
मोडायचंय."

पुतळ्या मी चाळीस वर्षं ओवतोय.
ही पुतळी नव्हती.
काट्यावर सात ग्रॅम, वर दोन गुंजा.
कसोटीवर काठ घासला, फक्त काठ,
तेजाबाचा थेंब सोडला. रेघ हलली नाही.
असलं सोनं आता येत नाही सोलापुरात.

भिंग लावलं.
एका अंगाला राजा, डोक्याला पानांची झालर,
नाक मात्र पार सपाट.
दुसऱ्या अंगाला बाई, पायघोळ नेसलेली,
हातात कणसं.
"शाळूची," यादम्मा म्हणाली, भिंगाशिवाय.
मी म्हणालो, रोमची देवी आहे ही, समुद्रापल्याडची,
तिकडं कुठला शाळू?
"मग काय धरलंय तिनं? बिडी?"

दोन भोकं होती, शेजारी शेजारी,
राजाच्या हनुवटीखाली.
हे मला कळेना.
तिथून दोरा ओवला तर राजा लटकणार
डोकं खाली, वटवाघळासारखा.
नाणं फिरवलं.
त्याच भोकांवर बाई सरळ उभी.

ठसेच असे: एक सुलटा तर दुसरा उलटा.
म्हणजे कुणीतरी,
माझ्याच धंद्यातला, तेरचा की बार्शीकडचा,
हातात सामता धरून थांबला असणार.
राजा की देवी?
की समोर बसलेल्या बाईनंच बोट ठेवलं: इथं.

राजा आत गेला, अंगाकडं.
किती गळ्यांच्या घामानं त्याचं नाक नेलं!
बाहेर कणसं तशीच,
दाणे मोजून घ्यावेत.

बागेसरी फुललेली होती. मूस रिकामी.
यादम्मा भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होती,
पाचच्या आत हजार बिड्या पोचवायच्या होत्या तिला.
"मोडत नाही," मी म्हणालो, "गहाण ठेवतो."
"व्याज?"
"बघू."
"बघू नको. लिही."

लिहिलं.
नग एक. वजन. भोकं दोन.
वर्णन, इथं पेन अडलं जरा.
मग: बाई, कणसं घेतलेली.

ती गेल्यावर लक्षात आलं,
पावतीत राजा लिहायचाच राहिला.